टोपलीखालचं पीठ

मनीषाला कुठल्याही गोष्टीचं कारण सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. लग्न होऊन नाशिकजवळ मखमलाबादला, फुलांच्या मळ्यालगतच्या घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने सासूला समजावून सांगितलं, की तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ते थेंबांखाली वाफेची गादी तयार होते म्हणून. कलाबाई बाजारात न्यायच्या शेवंतीवर ओलं फडकं घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की गादी असू दे, तव्यावरची भाकरी तेवढी उलट. सुनेचं शिक्षण काही अंगावरून काढून खुंटीला टांगता येण्यासारखं नाही हे त्यांनी तेव्हाच ओळखलं आणि पुढे त्या वाटेला गेल्या नाहीत.

सासरे कोंडाजी मात्र निराळे. आयुष्य झेंडू-शेवंतीच्या वाफ्यांत गेलेलं, पण कुतूहल शाळेच्या पहिल्या दिवशीचं. सून काही सांगू लागली की हातातलं खुरपं खाली ठेवून विचारायचे, "पण असं का?" उत्तर मिळालं की पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला मनीषालाच पुस्तक उघडावं लागे.

तेव्हा ती एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवत होती. तासिकेवर म्हणजे कॉलेजला गरज असेल तेव्हा मॅडम, नसेल तेव्हा घरी. टाळेबंदीत कॉलेजला कुलूप लागलं आणि बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा तिने ओट्यावर कुकर मांडला, सासऱ्यांच्या हातात मोबाइल दिला आणि झाकण लावल्यावर डाळ लवकर का शिजते ते मोबाइललाच सांगितलं. कोंडाजींनी तो दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेली घागर धरावी तसा धरला होता. मधेच त्यांना राहवलं नाही. मागून आवाज आला, "पण असं का?" मनीषा तेवढं कापून टाकणार होती. तिचा नवरा महेश म्हणाला, राहू दे, गंमत येते. तोच व्हिडिओ चालला आणि चॅनेलचं नावही तेच पडलं, 'असं का?'

पुढे माठ झाला, स्टीलच्या पेल्याला येणारा घाम झाला, ठरावीक वेगालाच खडखडणारी एसटीची काच झाली. लोक मनीषाइतकीच त्या मागच्या आवाजाची वाट बघायचे. फुलबाजारात बायका कलाबाईंना विचारू लागल्या, की तुमच्या घरातल्या त्या मॅडमनी सांगितलं ते खरं का? कलाबाई सांगायच्या, खरं असेल बाई, आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ तेच चालतं. कॉलेजने पुन्हा बोलावलं तेव्हा मनीषा गेली नाही. तिचा वर्ग आता ओट्यावरच भरत होता.

पण तिचं नाव खरं गाजलं ते पिठामुळे.

त्यांच्या गल्लीत एक रीत आहे. माणूस गेलं की जिथे त्याने शेवटचा श्वास घेतला तिथे पीठ चाळून पातळ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि शेजारी दिवा तेवत ठेवतात. सकाळी घरातली मोठी बाई टोपली उचलते. पिठावर पक्ष्याचा पंजा दिसतो, गाईचा खूर दिसतो, कधी माणसाचं पाऊल दिसतं. गेलेला जीव कोणत्या रूपाने निघाला हे त्यावरून ओळखायचं. शेजारची चिमणाबाई वारली तेव्हा तिच्या पिठावर खूर उमटला आणि घरातल्या सगळ्यांनी हात जोडले. मनीषानेही जोडले. पण तिची नजर भिंतीकडे होती. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती आणि ती पहाटेच सुरू व्हायची.

घरी येऊन तिने ताटात पीठ पसरलं आणि शेजारी मिक्सर लावला. थोड्या वेळाने पिठात उंचवटे आले, खळगे पडले. बारीक पूड थरथरत्या जागेवर सपाट राहत नाही, ठिकठिकाणी गोळा होते. चार खळगे ओळीने पडले की आपलं मन त्यांना बोटं म्हणतं. मनीषाने हे सगळं शांतपणे, कोणाला न दुखावता सांगितलं. निदान तिला तसं वाटलं. व्हिडिओ घराघरांत गेला.

त्यानंतर लोक तिला पिठाचे फोटो पाठवू लागले. येवल्याहून आले, पिंपळगावहून आले, कुठून कुठून आले. ओळख नाही, नमस्कार नाही, नुसता पिठाचा पांढरा गोल आणि त्यावरची खूण. काहींत कडेला बघणाऱ्यांच्या पायांची बोटं आलेली असत. मनीषा प्रत्येकाला उत्तर द्यायची. घराजवळून रेल्वे जाते का? पंखा चालू होता का? हे झुरळ आहे, ही उंदराची शेपटी आहे. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती परक्यांच्या मेलेल्या माणसांच्या खुणा बघत बसायची आणि त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. कलाबाईंना वाटायचं. त्या एकदाच म्हणाल्या, की दुसऱ्याच्या घरातली टोपली आपण उचलू नये. मनीषाने त्यावर हसून सांगितलं, की लोकच उचलून दाखवतात.

मग देवळ्याहून आशाचा फोटो आला.

आशाची मुलगी निकिता तापाने गेली होती. अजून शाळेतही जायला लागली नव्हती. एवढ्या लहान मुलासाठी त्यांच्याकडे कोणी पीठ पसरत नाही, पण आशाने घरच्यांचं न ऐकता पसरलं. फोटोत एक छोटंसं पाऊल होतं, आणि त्याची करंगळी बाकीच्या बोटांपासून वेगळी, बाजूला उभी होती. आशाने लिहिलं होतं, की माझ्या निकूची करंगळी जन्मापासून अशीच होती, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बघून सांगा.

मनीषाने नेहमीचा प्रश्न विचारला. घर मार्केटच्या रस्त्यालगत होतं. कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून जायचे. झालं तर मग, उत्तर समोरच होतं. तिने ते नीट, मायेने लिहिलं. कंपन, बारीक पूड, आणि आईचं मन, जे चार खळग्यांत आपलं लेकरू ओळखतं. फोटो व्हिडिओत घेऊ का, असंही विचारलं. आशाचं उत्तर दोनच शब्दांचं आलं, 'घ्या ताई.' तो व्हिडिओ मनीषाच्या सगळ्या व्हिडिओंत सर्वांत जास्त पाहिला गेला. कोंडाजींनी मोबाइल धरला होता, पण त्या दिवशी मागून 'असं का' आलं नाही. मनीषाने नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, विचारावंसं वाटलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा आशाचा पुन्हा मेसेज आला. मनीषा तो वाचताना ओट्याशी उभी होती आणि वाचून झाल्यावर स्टूल ओढून बसली.

'ताई तुम्ही बरोबरच बोलल्या असाल. पण तवापासून ती घरात वाटत नाय. आधी वाटायची. मीच तिला म्हणाले, ते तुझं पाऊल नव्हतं, ट्रॅक्टर होता. तिनं ऐकलं वाटतं. तुमच्याकडं आली का?'

मनीषाने उत्तर लिहिलं आणि पुसलं. समुपदेशकाचा नंबर द्यावा असं वाटलं, पण तो दिला तर हाकलून लावल्यासारखं होईल असंही वाटलं. शेवटी तिने जोडलेल्या हातांचं चिन्ह पाठवलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

त्यानंतर जे झालं त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं, हे आधी सांगायला हवं. मनीषाने ते शोधलंही होतं.

ती लंबकाचा व्हिडिओ करत होती. दोरीला बांधलेला दगड थांबवून ती पुढे बोलू लागली आणि प्रेक्षकांनी नंतर कळवलं, की ताई, तुमच्या मागे तो पुन्हा हलत होता. कूलरची झुळूक. आरशावर श्वासाची वाफ कशी धरते ते तिने एका दुपारी दाखवलं आणि आरसा भिंतीला टेकवून जेवायला गेली. परत आली तर आरशाच्या खालच्या भागात, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, ओल्या वाफेचा लहानसा गोल होता आणि तो हळूहळू आटत होता. फरशी गार, हवा दमट. एप्रिलमधल्या नाशिकची हवा दमट नसते, पण मळ्याला नुकतंच पाणी दिलं होतं. झालं, कारण मिळालं. तरी आरसा उचलताना तिने तो खालून धरला नाही.

आणि घरात बोलताना ती नकळत खाली बघू लागली होती, घरात लहान मूल असलं की मोठी माणसं बघतात तशी. त्यांच्या घरात मूल नव्हतं. महेशने एकदा विचारलं, काय शोधतेस? ती म्हणाली, काही नाही. आणि ते खरंच होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी कोंडाजींच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा सगळे काय ते समजले. पुढच्या खोलीत खाट टाकली. उशाशी बसून मनीषा त्यांना ऑक्सिजनचं यंत्र कसं चालतं ते सांगायची आणि ते मान हलवायचे. एका सकाळी मान हलवता हलवता त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं.

"ती पोरगी किती दिवस तिथं उभी हे," ते म्हणाले. "तिला आत घे गं. कोणाची हे?"

मनीषाने उंबऱ्याकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं, दोरीवर कपडे वाळत होते. रक्तात प्राणवायू कमी झाला की मेंदू अशी चित्रं रंगवतो, हे तिला माहीत होतं. तिने बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा पाहिला, तो खरोखरच कमी होता. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी तिने पुन्हा उंबऱ्याकडे पाहिलं, कारण कोंडाजींनी 'पोरगी' म्हटलं होतं आणि हात खाटेच्या उंचीला धरून दाखवला होता. आशाचा मेसेज तिने घरात कोणालाही वाचून दाखवला नव्हता.

कोंडाजी त्या आठवड्यातच गेले.

पीठ पसरायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, कलाबाई सुनेला लांब बसवतील. त्यांनी उलट केलं. संध्याकाळी परातीत पीठ आणि चाळण घेऊन त्या मनीषासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या त्या कंपनाचं काय काय असतं ते सगळं आज बंद कर," त्या म्हणाल्या. "उद्या तुला बोलायला जागा नाय राहिली पाहिजे. ते सुखानं गेले का नाय, मला एकदा नीट बघू दे."

एवढं एकच त्यांनी मागितलं. मनीषाने आयुष्यात इतका काटेकोर प्रयोग कधी मांडला नव्हता. फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, पाण्याची मोटर काढली. खिडक्यांच्या फटींना कापड लावलं, उंबऱ्याला आणि भिंतीच्या कडेला मुंग्यांची पावडर ओढली. शेजारी जाऊन गिरणी एक दिवस बंद ठेवायची विनंती केली आणि कोंडाजींसाठी गिरणीवाला लगेच हो म्हणाला. त्यांच्या गल्लीत तसंही घरच्या फुलांच्या टेम्पोशिवाय दुसरं वाहन येत नसे. महेशने तो तोंडाशी आडवा लावून रस्ताच बंद केला. फरशीवर पाण्याची वाटी ठेवून मनीषाने तिच्यातलं पाणी निरखलं. पाणी काचेसारखं स्थिर होतं. मग कलाबाईंनी पीठ चाळलं आणि टोपली ठेवली. ती कोणी चुकूनही उचलू नये म्हणून दाराला कुलूप घालून किल्ली त्यांनी कनवटीला लावली. मनीषाला मनापासून वाटत होतं, की सकाळी पीठ कोरं निघावं. कोऱ्या पिठाचा अर्थ कलाबाई चांगलाच लावतील, आणि तिलाही खोटं बोलावं लागणार नाही.

सकाळी सगळे जमले. कलाबाईंनी कुलूप काढलं, दिव्यात तेल घातलं आणि टोपली उचलली.

पिठाच्या मधोमध एक पाऊल होतं. खळगे नव्हे, उंचवटे नव्हे. टाच, तळवा, बोटं, ओल्या मातीत उमटावं तसं. आणि ते वीतभरसुद्धा नव्हतं.

कलाबाई खाली बसल्या, वाकून जवळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आस होती, मग ती विझत गेली आणि मनीषाला ते बघवेना.

"हे यांचं नाय," त्या म्हणाल्या. "हे लेकराचं हे. करंगळी बघ, कशी बाजूला गेलीय."

कलाबाईंनी तो फोटो कधी पाहिला नव्हता. सुनेच्या मोबाइलमध्ये त्या डोकावत नसत. मनीषाने तो पाहिला होता, इतक्या वेळा की डोळे मिटले तरी दिसायचा. आपणच तो इथे बघत असू, असं ती स्वतःला सांगणार होती. पण करंगळी सासूने दाखवली होती, तिने नव्हे.

कलाबाईंनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत टोमणा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

"सांग ना गं," त्या म्हणाल्या. "असं का?"

मनीषाने खोलीभर नजर फिरवली. फ्रिज बंद होता, पंखे बंद होते, गिरणी मुकी होती. वाटीतलं पाणी तसंच होतं. एकेक कारण तिने स्वतःच्या हातांनी बाहेर काढून ठेवलं होतं. ती सासूच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिला रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं, देवळ्याची आशा, ट्रॅक्टर, 'घ्या ताई', आणि 'तुमच्याकडं आली का?'

कलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, की आमचे हे तसेच होते, नळावर असो की देवळात, लेकरू दिसलं की त्याला पुढं करून आपण मागं थांबायचे. आताही तेच केलं असेल. एवढं बोलताना त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं.

"तिच्या आईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "पोरगी परक्याच्या घरी किती दिवस राहील?"

काय बोलायचं ते मनीषाने ठरवलं होतं, पण पलीकडून 'हॅलो' आलं आणि ती एवढंच म्हणाली, "आशाताई, ती आली आहे." आशाने पत्ता विचारला.

दुपारी ती आली. मनीषाच्याच वयाची, बारीक अंगाची बाई, हातात कापडी पिशवी. तिने पाणी घेतलं नाही. पीठ बघायचं का, असं कलाबाईंनी विचारलं, तर नको म्हणाली. उंबऱ्यापाशीच उभी राहिली, कोंडाजी ज्या जागेकडे बघायचे तिथे, आणि पिशवीतून लहान मुलीच्या चपला काढून तिने उंबऱ्याशी मांडल्या.

"आठेच शे ना माय," ती अहिराणीत हळू म्हणाली, इथेच आहेस ना म्हणून. "ते तुझंच पाऊल होतं. मी चुकले. चाल, घर चाल."

मग चपला उचलून पिशवीत ठेवल्या आणि ती निघाली. दोन्ही चपला ठेवल्यावर तिचा डावा हात मोकळा होता, पण तो मोकळ्या हातासारखा हलत नव्हता. तो खाली, थोडा पुढे, तसाच धरलेला होता. गल्लीच्या तोंडापर्यंत ती अगदी लहान लहान पावलं टाकत गेली. मनीषा मागून चालत होती आणि तिने बघितलं, की रस्त्यातल्या डबक्याशी आशा थांबली आणि तिचा हात क्षणभर वर उचलला गेला, वजन पेलावं तसा. मनीषाने खाली, डबक्यातल्या पाण्याकडे बघायचं टाळलं.

महेशने दोघींना जुन्या सीबीएसच्या बसस्थानकावर सोडलं. दोघींना म्हणजे आशाला आणि मनीषाला, असं तो नंतर सांगत असे. देवळ्याची गाडी लागलेलीच होती. आशा चढली आणि खिडकीची जागा सोडून कडेला बसली. मनीषा खाली खिडकीशी उभी राहिली. माफी मागावी असं तिच्या मनात होतं, पण आशाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती खिडकीकडे तोंड करून बारीक आवाजात काहीतरी दाखवत होती, फळांच्या गाड्या, माणसं, कुत्रं.

गाडी भरत आली. वणीला जाणारा एक माणूस पिशव्या सांभाळत आशाच्या बाकापाशी आला आणि म्हणाला, की आतली जागा रिकामीच दिसते, सरका जरा. आशाने मान खाली घातली. एकदा तिने निकूबद्दल शिकल्या माणसाला विचारलं होतं आणि उत्तर काय आलं ते ती विसरली नव्हती.

मनीषाने खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. तो माणूस तिच्याकडे बघू लागला. त्याने तिला ओळखलं असावं, कारण तो थोडा हसला आणि ती आता काहीतरी समजावून सांगेल म्हणून थांबला.

"दादा, दुसरीकडे बसा," मनीषा म्हणाली. "तिथे मुलगी बसली आहे."